महसीर (खानदेशातील व भारतातील)

महसीर : सायप्रिनिडी मत्स्यकुलातील टॉर वंशाचा, मोठ्या खवल्यांचा गोड्या पाण्यातील मासा. खानदेशातून वाहणारी तापी व त्याच्या उत्तर सीमेवरील नर्मदा या नद्यांत टॉर टॉर ही जाती आढळते. दख्खनमधील टॉ. खुद्री या जातीचे वर्णन विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये केले व तिचे मराठी नावच शास्त्रीय नावात घेतले.

महसीर गळाने धरण्याच्या छंदाला हेन्री सलिव्हन टॉमस यांच्या द रॉड इन इंडिया (१८७३) या ग्रंथामुळे प्रतिष्ठा लाभली. गळाने धरलेल्या महसीरांपैकी नोंदींतील सर्वांत मोठा, १२० पौंड (सु. ५४ किग्रॅ.) वजनाचा मासा म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांना १९४६ मध्ये कावेरीची उपनदी कबिनी हिच्यात मिळाला. कावेरीच्या खोऱ्यातील ही प्रचंड जाती टॉ. रेमादेवी होय, हे २०१८ मध्ये निश्चित झाले; त्याच वर्षी ती अतिसंकटग्रस्त ठरली. लोणावळ्याच्या वळवण मत्स्यबीज केंद्रात वाढविलेले टॉ. खुद्रीचे बीज कावेरीत सोडण्यात आले होते व तेथे मूळ जाती मागे पडली.

एवढे वजन येण्यास बरीच वर्षे लागतात. शिवाय पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी हा मासा प्रवाहाविरुद्ध वर जातो. तापीवरील उकाई (गुजरात, १९७२) व हतनूर (जळगाव, १९८२) आणि गिरणेवरील गिरणा (१९६९) या धरणांमुळे हा मार्ग खंडित झाला. त्यामुळे केवळ बीज सोडणे पुरेसे नाही; मूळ जातीची पारख व नदीचा वाहता, खडकाळ पट्टा टिकविणे आवश्यक आहे.