रान आणि अंगण

उंच झाडे मागे, मधली मध्ये, बुटकी पुढे, ही बागेची मांडणी विलायती म्हणून आपण शिकतो. विल्यम रॉबिन्सनने १८७० साली ‘द वाइल्ड गार्डन’ लिहून तिकडच्या बागांना रानाची वाट दाखवली खरी. पण धानोऱ्याचे रान त्याच्या कितीतरी आधीचे! वर ऐन नि मोह, मध्ये बांबू, खाली झुडपे, गवत. याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने असे रान राखले आणि २००९ साली त्यावर सामूहिक वनहक्क मिळवला. आपण मात्र घर बांधताना आधी मोह तोडतो, मग सावलीसाठी रोप विकत आणतो! तो मोह राहू द्या. उन्हाच्या बाजूला जास्वंद लावा, सावलीत हळद. निम्मी बाग पूर्वजांनीच लावून ठेवली आहे.