मेबेलचा अंगठा

गिटार ऐकताना आपले लक्ष बहुधा बोटांकडे जाते. मेबेल कार्टरच्या बाबतीत ते अंगठ्याकडे द्यावे लागते. जाड तारांवर तिचा अंगठा गाण्याची चाल वाजवी आणि त्याच वेळी तर्जनी बारीक तारांवरून ताल घासत जाई. तोवर अमेरिकेच्या डोंगराळ दक्षिणेत गिटार बहुतेक तालापुरती असे. चाल फिडलकडे किंवा बँजोकडे. मेबेलने दोन्ही कामे एका हातात आणली. ‘कार्टर स्क्रॅच’ म्हणतात ते हेच.

१ ऑगस्ट १९२७ रोजी ही १८ वर्षांची मुलगी व्हर्जिनिया आणि टेनेसी यांच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावी व्हिक्टर कंपनीसाठी गायला आली, तेव्हा तिला दिवस गेले होते. पुढच्याच महिन्यात मुलगी झाली. सोबत चुलतदीर म्हणावा इतका लांबचा कोणी नव्हे, सख्खा दीर ए. पी. कार्टर आणि त्याची बायको सेरा. जाऊ आणि शिवाय नात्याने बहीणही. दोन दिवसांत सहा गाणी झाली. एका गाण्याचे ५० डॉलर. शेतावर राबणाऱ्या घराला ही रक्कम थोडी नव्हती. पण गाण्याचे हक्क कोणाकडे राहणार, हा प्रश्न त्या ५० डॉलरांत बुडाला.

माझ्यासारख्या, रेकॉर्डवरची लेबले वाचत बसण्याची खोड असलेल्या माणसाला खरी अडचण इथेच येते. १९२७ ते १९४१ या काळात या तिघांनी सुमारे ३०० गाणी ध्वनिमुद्रित केली आणि त्यांतल्या बहुतेकांवर कर्ता म्हणून ए. पी. कार्टरचे नाव आहे. मेबेलच्या गिटारीने अजरामर झालेले ‘वाइल्डवुड फ्लॉवर’ घ्या. ते मुळात १८६० साली छापलेले दिवाणखान्यातले गाणे. तोंडातोंडी फिरताना त्याचे शब्द इतके झिजले की काही ओळींना अर्थच उरला नाही. जात्यावरच्या ओवीला कर्ता विचारण्याची आपल्याकडे रीत नव्हती. तिथे मात्र रेकॉर्ड कंपनीच्या कागदावर एक रकाना होता आणि तो भरावा लागे.

ए. पी. गाणी गोळा करत गावोगाव हिंडे. त्याच्याबरोबर अनेकदा लेस्ली रिडल नावाचा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. अपघातात त्याचा एक पाय गेला होता, उजव्या हाताची दोन बोटेही. ए. पी. शब्द उतरून घेई, चाल रिडल डोक्यात साठवी. वर्णभेदाच्या त्या काळात तो कार्टरांच्या घरी मुक्कामाला राही आणि मेबेल त्याचे वाजवणे पाहत बसे.

अलीकडे ‘मेबेलने सारे रिडलकडूनच घेतले’ असे सरसकट म्हटले जाते. ते मला पटत नाही. अंगठ्याची पद्धत १९२७च्या रेकॉर्डांतच ऐकू येते, म्हणजे ती या ओळखीच्या आधीची. रिडलकडून आले ते वेगळे: ‘कॅननबॉल’सारख्या गाण्यातले ब्लूजच्या वळणाचे बोटकाम. हे ऋण मेबेलने लपवले नाही. लेबलावर मात्र ते कधी उतरले नाही.

पुढे सेरा आणि ए. पी. यांचा घटस्फोट झाला, तरी तिघे एकत्र गात राहिले. १९३८पासून मेक्सिकोच्या हद्दीतल्या एका दांडग्या रेडिओ केंद्रावरून त्यांचा आवाज निम्म्या अमेरिकेत पोहोचला. हे केंद्र बोकडाच्या ग्रंथी माणसात बसवणाऱ्या एका कुप्रसिद्ध डॉक्टरचे! १९४३मध्ये त्रिकूट मोडले. मेबेलने हेलन, जून आणि अनिता या तिन्ही मुलींना घेऊन नवा संच उभारला आणि १९५०मध्ये नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’त जागा मिळवली.

पण रॉक अँड रोल आले आणि जुने गाणे मागे पडले. पन्नाशीला टेकलेली मेबेल नॅशव्हिलमध्ये रात्रपाळीला रुग्णांची शुश्रूषा करू लागली. जिच्या वाजवण्याची नक्कल देशभर होत होती, ती आजाऱ्यांच्या उशाशी जागत होती. या काळाबद्दल चरित्रे फार लवकर पुढे सरकतात. मला तिच्या कारकिर्दीतला हाच भाग सर्वांत बोलका वाटतो.

१९६०च्या दशकात शहरी तरुणांना लोकसंगीताचे वेड लागले आणि ती पुन्हा मंचावर आली. १९६३मध्ये न्यूपोर्टच्या महोत्सवात, नंतर जावई जॉनी कॅशच्या कार्यक्रमांत. १९७१मध्ये लांब केसांच्या नव्या पोरांच्या ‘निटी ग्रिटी डर्ट बँड’बरोबर ती त्याच शांतपणे वाजवायला बसली. २३ ऑक्टोबर १९७८ला ती गेली.

रिडलचा पत्ताही तिच्यामुळेच लागला. तिने केलेल्या उल्लेखावरून माइक सीगर या संग्राहकाने १९६५मध्ये त्याला न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात गाठले. त्याने गिटार केव्हाच सोडली होती. सीगरने त्याला पुन्हा वाजवते केले आणि पुढे अनेक वर्षे त्याचे ध्वनिमुद्रण करत राहिला. १९९३मध्ये राउंडर कंपनीने त्यातून ‘स्टेप बाय स्टेप’ ही तबकडी काढली, तेव्हा रिडल हयात नव्हता. मुखपृष्ठावर त्याचे नाव आहे. उपशीर्षकात कार्टर फॅमिलीचेही आहेच.