पेशी सुटण्याआधीचे ७२ तास

राहात्यातला एक माणूस डोळ्यांसमोर आणा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला मावा त्याने वर्षानुवर्षे गालात धरला आहे. गालातली न भरणारी जखम कॅन्सरची आहे, पण मानेत गाठ नाही. पुढचे घड्याळ प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर बेतलेले आहे. माणसाच्या तोंडात याच पायऱ्यांना कितीतरी जास्त काळ लागू शकतो.

उरले ७२ तास. टीजीएफ-बीटा हे प्रथिन पेशीला येऊन चिकटते. सुपारीने गाल ताठरतो, तोंड उघडेनासे होते, त्यातही याचा हात असतो.

उरले ७१. त्या प्रथिनाचा निरोप पेशीच्या केंद्रकात पोचला आहे. आता स्नेल हे नियामक जनुक जागे होऊ लागते. गर्भात पेशी जागा सोडून अवयव घडवायला निघतात, त्या याच्याच जोरावर. ज्या विद्येने आपण घडलो तीच इथे जिवावर उठते, हे मला फार अस्वस्थ करते.

उरले ४८. ई-कॅडहेरिन कमी होऊ लागते. विटांमध्ये चुना असतो, तसे हे प्रथिन शेजारच्या पेशींना धरून ठेवते. स्नेल त्याच्या जनुकाला गप्प करते, हे २००० साली स्पेनमधल्या संशोधकांनी दाखवले. ट्विस्ट आणि झेब१ हे नियामकही त्याच कामाला लागतात.

उरले २४. पेशी लांबट होते, सरकू लागते. अनेक पेशी मात्र अर्ध्यातच थांबतात. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी तोंडाच्या कॅन्सरची एकेक पेशी तपासली, तेव्हा अशा अर्धवट बदललेल्या पेशी गाठीच्या कडेलाच सापडल्या. मानेकडच्या प्रसाराशी त्यांचा संबंधही दिसला.

शून्य. पेशी लसीकावाहिनीत शिरते. बहुतेक पेशी वाटेतच मरतात. तगलेली एखादी मानेतल्या लसीकाग्रंथीत रुजते आणि मान चाचपणाऱ्या बोटांना काहीच लागत नाही.

मग मानेत गाठ लागेपर्यंत थांबायचे की मानेची शस्त्रक्रिया आधीच करायची, हा प्रश्न मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरच्या रुग्णांवर तपासला. निकाल २०१५ साली आला. मूळ गाठीबरोबरच मानेतल्या ग्रंथीही काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. मानेत गाठ लागेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते.