वेस्टर्न बुलडॉग्ज : २०१६ चा हंगाम

ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमधील (एएफएल) मेलबर्नच्या वेस्टर्न बुलडॉग्ज क्लबचा विजेतेपदाचा हंगाम. साखळीत सातव्या स्थानावर राहिलेल्या या संघाने बाद फेरीचे चारही सामने जिंकून १ ऑक्टोबर २०१६ रोजी करंडक पटकावला. १९५४ नंतरचे हे क्लबचे पहिले आणि एकूण दुसरे विजेतेपद. बाद फेरीत आठ संघ घेण्याची पद्धत १९९४ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून सातव्या स्थानावरून विजेता झालेला हा पहिलाच संघ.

खेळ : ‘ऑस्ट्रेलियन रूल्स’ हा खेळ सॉकर आणि रग्बी या दोन्हींहून वेगळा आहे. लंबगोल मैदान, प्रत्येकी अठरा खेळाडू, लंबगोल चेंडू आणि दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. मधल्या दोन खांबांतून पायाने चेंडू मारला की गोल, म्हणजे सहा गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर ‘बिहाइंड’, म्हणजे एक गुण. चेंडू हाताने फेकता येत नाही. तो एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसतात, त्याला हँडबॉल म्हणतात. गर्दीतून झटपट हँडबॉलची साखळी काढत बाहेर पडणे, ही २०१६ च्या बुलडॉग्जची ओळख होती.

पार्श्वभूमी : क्लबचे मूळ नाव फुट्स्क्रे. मेलबर्नच्या पश्चिमेचा हा भाग कारखान्यांचा, गोदीकामगारांचा आणि देशोदेशींहून आलेल्या स्थलांतरितांचा. १९२५ मध्ये क्लबला तेव्हाच्या व्हिक्टोरियन फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे आजच्या एएफएलमध्ये, प्रवेश मिळाला. १९५४ मध्ये कर्णधार आणि प्रशिक्षक चार्ली सटन यांच्या संघाने मेलबर्न क्लबला १०२–५१ असे हरवून पहिला करंडक आणला. १९६१ च्या अंतिम सामन्यात हॉथॉर्नकडून हार झाली आणि पुढची ५५ वर्षे अंतिम सामन्याचे दार उघडलेच नाही. १९८५, १९९२, १९९७, १९९८, २००८, २००९ आणि २०१० अशा सात वेळा उपांत्य सामन्यातून संघ हात हलवत परतला.

याच काळात एकदा क्लबच्या अस्तित्वावरच बेतले होते. १९८९ मध्ये कर्जात बुडालेल्या फुट्स्क्रेचे फिट्झरॉय क्लबमध्ये विलीनीकरण जाहीर झाले. चाहत्यांनी न्यायालयात धाव घेऊन ते रोखले, घरोघरी डबे फिरवून पैसे जमवले आणि क्लब वाचवला. त्या लढ्यातील वकील पीटर गॉर्डन २०१६ मध्ये क्लबचे अध्यक्ष होते. ‘वेस्टर्न बुलडॉग्ज’ हे नाव १९९७ च्या हंगामापासून आले.

२०१४ च्या अखेरीस कर्णधार रायन ग्रिफन क्लब सोडून ग्रेटर वेस्टर्न सिडनीकडे गेला आणि प्रशिक्षक ब्रेंडन मॅकार्टनी पायउतार झाले. त्यांच्या जागी ल्यूक बेव्हरिज आले. कर्णधारपद अनुभवी रॉबर्ट मर्फीकडे गेले. २०१५ मध्ये संघ बाद फेरीत पोहोचला, पण पहिल्याच सामन्यात ॲडलेडकडून सात गुणांनी हरला.

साखळी फेरी : सुरुवात दणक्यात झाली. मात्र तिसऱ्या फेरीत, १० एप्रिलला, हॉथॉर्नविरुद्धचा सामना संपत आलेला असताना मर्फीच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. सामना तीन गुणांनी गेला आणि तेहतीस वर्षांच्या कर्णधाराचा हंगामही. ईस्टन वुडने धुरा घेतली. पुढे दुखापतींची रांगच लागली : जुलैमध्ये सेंट किल्डाविरुद्धच्या एकाच सामन्यात मिच वॉलिसचा पाय मोडला आणि जॅक रेडपाथचा गुडघा गेला. तरीही संघाने २२ पैकी १५ सामने जिंकले. एरवी एवढ्या विजयांवर पहिल्या चारांत जागा मिळू शकते. त्या वर्षी चुरस एवढी होती की सातवे स्थान मिळाले.

या फरकाला मोठा अर्थ आहे. पहिल्या चार संघांना बाद फेरीत एक पराभव पचवण्याची मुभा असते; पाचव्या ते आठव्या संघांना ती नसते. बुलडॉग्जना सलग चार सामने जिंकायचे होते आणि एकही हरायचा नव्हता. साखळी आणि बाद फेरी यांच्यामध्ये एका आठवड्याची सुट्टी त्या वर्षी प्रथमच ठेवण्यात आली. जायबंदी खेळाडूंना सावरायला ती कामी आली.

बाद फेरी : ८ सप्टेंबरला पर्थमध्ये वेस्ट कोस्टशी गाठ पडली. मेलबर्नपासून सुमारे २,७०० किलोमीटरवरच्या या मैदानावर बुलडॉग्जना कोणी फारशी संधी दिली नव्हती. त्यांनी ९९–५२ असा एकतर्फी विजय मिळवला. १६ सप्टेंबरला सलग तीन वर्षांचे विजेते हॉथॉर्न समोर होते. सुरुवातीला पिछाडीवर पडूनही बुलडॉग्ज १०७–८४ असे जिंकले.

२४ सप्टेंबरचा सिडनीतला उपांत्य सामना ग्रेटर वेस्टर्न सिडनीशी, म्हणजे ज्या क्लबकडे ग्रिफन गेला होता त्याच्याशीच होता. तीनदा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या क्ले स्मिथने चार गोल केले. चौथ्या सत्रात यजमान पुढे गेले. बुलडॉग्जनी त्यांना गाठले आणि ८९–८३ अशी बाजी मारली. १९६१ नंतर प्रथमच संघ अंतिम सामन्यात पोहोचला.

अंतिम सामना : मेलबर्न क्रिकेट ग्राउंड मराठी वाचकाला नाताळाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होणाऱ्या कसोटीमुळे ठाऊक असते. १ ऑक्टोबरला तिथे ९९,९८१ प्रेक्षक होते. समोर साखळीत अव्वल ठरलेला सिडनी स्वान्स संघ. मध्यंतराला सिडनी दोन गुणांनी पुढे होता, तिसऱ्या सत्राअखेर बुलडॉग्ज आठ गुणांनी. शेवटच्या सत्रात मणक्याच्या दुखापतीसह खेळणाऱ्या डेल मॉरिसने सिडनीचा हुकमी खेळाडू लान्स फ्रँकलिनला मागून पकडून पाडले. सुटलेला चेंडू टॉम बॉइडच्या हाती आला. त्याने मैदानाच्या मध्याजवळूनच फटका मारला. चेंडू मोकळ्या गोलपुढे टप्पे खात खांबांमधून गेला. लायम पिकनच्या गोलने विजयावर शिक्कामोर्तब झाले. बुलडॉग्ज १३ गोल व ११ बिहाइंड, एकूण ८९. सिडनी १० गोल व ७ बिहाइंड, एकूण ६७. उपांत्य सामन्यातही बुलडॉग्जचे नेमके १३ गोल आणि ११ बिहाइंडच होते. बॉइड आणि पिकन यांनी प्रत्येकी तीन गोल केले. सामन्याचा मानकरी म्हणून नॉर्म स्मिथ पदक जेसन जोहॅनिसनला मिळाले.

विजेत्या प्रशिक्षकाला जॉक मॅकहेल पदक दिले जाते. ते गळ्यात पडताच बेव्हरिज यांनी मर्फीला मंचावर बोलावले आणि स्वतःचे पदक काढून त्याच्या गळ्यात घातले. करंडक वुड, बेव्हरिज आणि मर्फी या तिघांनी मिळून उंचावला. एप्रिलपासून मैदानाबाहेर बसलेला कर्णधार या विजयाचा धनी आहे, हे भाषणाशिवायच सांगितले गेले. दुसऱ्या दिवशी फुट्स्क्रेतील व्हिटन ओव्हलवर चाहत्यांचा महापूर लोटला. ६२ वर्षांपूर्वीचा करंडक पाहिलेली माणसे त्यांत नातवंडांसह होती.

इतर नोंदी : क्लबचे सर्वोत्तम खेळाडूचे चार्ल्स सटन पदक वीस वर्षांच्या मार्कस बॉन्टेम्पेलीने मिळवले. क्लबच्या राखीव संघानेही, फुट्स्क्रे या जुन्या नावाने खेळत, त्याच सप्टेंबरमध्ये आताची, राज्य पातळीवरची व्हिक्टोरियन फुटबॉल लीग जिंकली.

नंतर : २०१७ मध्ये ११ विजय व ११ पराभवांसह संघ दहावा आला आणि बाद फेरीला मुकला. २०२१ मध्ये तो पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला, पण मेलबर्नकडून हरला. मर्फी २०१७ च्या अखेरीस ३१२ सामने खेळून निवृत्त झाला. खेळाडू म्हणून विजेतेपदाचे पदक त्याच्या वाट्याला आले नाही. आणि गळ्यात घातलेले ते पदकही त्याने पुढे बेव्हरिज यांना परत केले.