टू-स्ट्रोक व फोर-स्ट्रोक डर्ट बाइक

डर्ट बाइक ही कच्च्या, खडकाळ किंवा चिखलाच्या मार्गांवर चालविण्यासाठी बनविलेली हलकी मोटारसायकल होय. इंजिनाच्या कार्यपद्धतीनुसार तिचे टू-स्ट्रोक व फोर-स्ट्रोक असे दोन प्रमुख प्रकार आहेत. वजन, शक्ती मिळण्याची रीत आणि देखभाल यांत ते भिन्न असल्याने केवळ घनक्षमता (सीसी) पाहून त्यांची तुलना करणे फसवे ठरते.

कार्यपद्धती

टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा ज्वलन होते, तर फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा. त्यामुळे समान घनक्षमतेचे शर्यतीचे टू-स्ट्रोक इंजिन सहसा अधिक शक्ती देते. त्यात कॅमशाफ्टने उघडझाप होणाऱ्या झडपा नसल्याने ते हलके व साधेही असते. मात्र वंगणाचे तेल इंधनाबरोबर जळते आणि काही इंधन न जळताच बाहेर पडते. परिणामी धूर व प्रदूषण वाढते.

शर्यतींतील स्थान

१९७० ते १९९० च्या दशकांत मोटोक्रॉस शर्यतींवर टू-स्ट्रोकचे वर्चस्व होते. १९९७ मध्ये अमेरिकेतील लास व्हेगास येथील सुपरक्रॉस शर्यत डग हेन्री यांनी यामाहाच्या ४०० सीसी फोर-स्ट्रोक प्रायोगिक मोटारसायकलवर जिंकली. पुढील वर्षी यामाहाने वायझेड४००एफ बाजारात आणली. १२५ सीसी टू-स्ट्रोकसमोर २५० सीसी आणि २५० सीसी टू-स्ट्रोकसमोर ४५० सीसी फोर-स्ट्रोक उतरविण्याची मुभा नियमांनी दिल्याने फोर-स्ट्रोकचे पारडे जड झाले. होंडाची टू-स्ट्रोक सीआर मालिका २००७ च्या आवृत्तीनंतर बंद झाली. यामाहाने मात्र वायझेड१२५ व वायझेड२५० यांचे उत्पादन चालू ठेवले.

निवडीचे निकष

फोर-स्ट्रोकची शक्ती कमी वेगापासून सलग मिळते, मागील चाकाची पकड टिकते आणि थ्रॉटल सोडताच इंजिन गती रोखते. टू-स्ट्रोकची शक्ती, विशेषतः १२५ सीसी इंजिनात, वरच्या फेऱ्यांत एकाएकी वाढते. ती हाताळण्यास क्लच व गिअर यांचा सराव लागतो. म्हणून २५० सीसीची शर्यतीची टू-स्ट्रोक नवशिक्यास योग्य नाही, तर सौम्य इंजिनाची लहान फोर-स्ट्रोक ट्रेल बाइक सोयीची ठरते. अरुंद, चढणीच्या जंगलवाटांवर कुशल चालकास टू-स्ट्रोकचे कमी वजन उपयोगी पडते.

टू-स्ट्रोकचे पिस्टन व रिंग वारंवार बदलावे लागतात, परंतु ते काम तुलनेने सोपे व स्वस्त असते. पेट्रोलमध्ये तेल घालण्याचे राहिल्यास मात्र इंजिन थोड्याच वेळात जाम होते. शर्यतीच्या फोर-स्ट्रोकमध्ये नियमित तेलबदल व झडपांच्या अंतराची तपासणी आवश्यक असते. झडप तुटल्यास पिस्टन व सिलिंडर हेड दोन्ही निकामी होऊ शकतात. त्यामुळे वापरलेली फोर-स्ट्रोक घेताना इंजिन किती तास चालले आहे व झडपांची तपासणी केव्हा झाली, हे पाहणे विशेष महत्त्वाचे असते.