हाडांच्या तिजोरीचे पहारेकरी

अड्यार म्हटले की थिऑसॉफिकल सोसायटीची वटछाया आठवते. परंतु मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, या भागात १९४८ साली केंद्रीय चर्म संशोधन संस्थाही उभी राहिली. कातडे कमावणे म्हणजे त्यातील कोलॅजेन या प्रथिनावर प्रक्रिया करणे. त्यामुळे मद्रास विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक जी. एन. रामचंद्रन यांना कांगारूच्या शेपटीतील कंडरेचे शुद्ध कोलॅजेन या संस्थेकडून मिळू शकले. क्ष-किरणांच्या साहाय्याने रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ व १९५५ साली दाखवून दिले की, कोलॅजेनचा रेणू म्हणजे तीन पेडांची वेणी आहे.

हेच कोलॅजेन हाडांचा सांगाडा असते आणि त्यावर कॅल्शियमचे क्षार बसतात. प्रौढ माणसाच्या देहात सुमारे एक किलो कॅल्शियम असते; त्यातील नव्याण्णव टक्के हाडांत व दातांत साठलेले असते. रक्तात मात्र ते दर शंभर मिलिलीटरला नऊ-दहा मिलिग्रॅमच असते. तेवढे नसेल तर स्नायूंना पेटके येतात आणि हृदयाची लयही बिघडते.

या तिजोरीचे पहारेकरी मोठ्या विलंबाने ओळखले गेले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील भारतीय एकशिंगी गेंडा १८४९ साली मरण पावला. त्याचे शवविच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना गळ्यातील अवटू ग्रंथीला चिकटलेला एक लहानसा पिवळट गोळा दिसला. पुढे १८८० साली स्वीडनमधील ईवार सँडस्ट्रॉम या तरुणाने माणसातील अशाच ग्रंथींचे वर्णन करून त्यांना नावही दिले. त्या बहुधा चार असतात आणि प्रत्येक तांदळाच्या दाण्याएवढी असते.

तरीही त्यांचे महत्त्व कोणी जाणले नाही. गलगंडासाठी अवटू ग्रंथी समूळ काढताना याही निघून जात. मग रुग्णाचे हातपाय आखडत, झटके येत आणि काही जण दगावत. १९०९ साली अमेरिकेतील मॅकॅलम व फोग्टलिन यांनी कोडे उलगडले: या ग्रंथी गेल्या की रक्तातील कॅल्शियम घटते, आणि ते शिरेतून दिले की झटके थांबतात.

पुढे कार्यपद्धती स्पष्ट झाली. रक्तातील कॅल्शियम कमी होताच या ग्रंथी आपले संप्रेरक सोडतात. त्याने हाडांतून कॅल्शियम निघते, मूत्रपिंडे ते राखून ठेवतात, आणि ड जीवनसत्त्व कार्यक्षम होऊन आतडी अन्नातून अधिक कॅल्शियम शोषतात. पातळी वाढली की स्राव आवरला जातो.

पण हा स्राव आवरलाच नाही तर? अमेरिकन जहाजावरील कप्तान चार्ल्स मार्टेल यांची उंची अशाच विकाराने सुमारे सात इंचांनी खचली. दोषी ग्रंथी गळ्यात नव्हती. ती १९३२ साली, सातव्या शस्त्रक्रियेत, छातीत सापडली. त्यानंतर लवकरच ते वारले.

त्यांच्या देहाने सांगितलेले सत्य अड्यारशी येऊन मिळते. हाडातून कॅल्शियम निघते तेव्हा केवळ क्षार विरघळत नाहीत. त्यांना धरून ठेवणारी ती तीन पेडांची वेणीही तुटते. तिजोरीतून नाणे काढताना भिंतीची वीटही निघावी, तसाच हा व्यवहार आहे. रक्ताची आजची गरज भागवण्यासाठी शरीर उद्याचा आधार खर्ची घालते. ते ऋण वेळेवर फिटावे, यातच हाडांचे आरोग्य आहे.