घोडा कोणाच्या नावावर?

रोल-प्लेइंग गेम खेळणारी चार माणसं एकत्र बसवा, अर्ध्या तासात ठरलेलं भांडण सुरू होतं. अमुक तलवार फारच 'ओपी' झालीये, कंपनीने तिला नर्फ करायला हवं. ज्याच्याकडे ती तलवार असते तो म्हणतो, काही गरज नाही, तुम्ही आधी नीट खेळायला शिका. आमच्या नाहूरच्या बिल्डिंगमध्ये गच्चीवर हे इतक्यांदा ऐकलंय की आता दोन्ही बाजूंनी मीच बोलू शकेन. गंमत म्हणजे याच मंडळींसमोर मराठ्यांच्या इतिहासाचा विषय काढा. भवानी तलवार, वाघनखं, दांडपट्टा... म्हणजे पुन्हा आयटमच!

वाघनखांचंच बघा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आली. ती नेमकी तीच का, यावर भरपूर वाद झाले. अफजलखानाच्या भेटीत हीच वापरली हे सिद्ध करता येत नाही, असं खुद्द ते म्युझियमच सांगतं. पण समजा तीच आहेत. तरी १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली जे घडलं ते चार पोलादी नख्यांनी घडलं का? जावळीच्या जंगलात दबा धरून बसलेलं सैन्य नसतं तर खानाची फौज तशीच उभी राहिली असती.

गेम बनवणाऱ्यांना हे अनुभवाने कळलंय. तलवारीचा डॅमेज ५० वरून ४० करणं सोपं असतं. अवघड प्रश्न वेगळे असतात. ती तलवार मिळते कशी, मिळाल्यावर राहते कोणाकडे, विकता येते का? 'डायब्लो २' मध्ये लोकांनी बग वापरून एकाच अंगठीच्या हजारो कॉप्या काढल्या आणि बाजाराचे बारा वाजवले. 'एव्हरक्वेस्ट'मध्ये चाळीस-पन्नास जणांनी मिळून ड्रॅगन मारायचा आणि लूट कोणी घ्यायची यावरून मैत्र्या तुटायच्या. शेवटी गिल्डांनी हजेरीचे पॉइंट देणारी पद्धत काढली, तीच ती डीकेपी. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये तर काही वस्तू उचलल्या की तुमच्या नावावर कायमच्या चिकटतात, दुसऱ्याला देताच येत नाहीत. बॅलन्सचा निम्मा खेळ मालकीचा आहे.

आता सभासदाची बखर उघडा. कृष्णाजी अनंत सभासद या माणसाने ती १६९० च्या दशकात जिंजीला राजारामांसाठी लिहिली. लढायांचं वर्णन सगळे वाचतात, पण लष्कराच्या नियमांची पानं बहुतेक जण उलटून पुढे जातात. माझ्या मते खरा माल तिथे आहे.

महाराजांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते. बारगीर म्हणजे ज्याचा घोडा आणि हत्यार सरकारी, आणि शिलेदार म्हणजे जो स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन येतो. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. त्या पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद, म्हणजे पाण्याची आणि नालांची सोयही सरकारीच. पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. आणि महत्त्वाची ओळ ही की शिलेदारांना पागेच्या हुकमतीखाली ठेवलं होतं. स्वतःचं गियर घेऊन आलेला भारी प्लेयर हा सरकारी गियरवाल्यांच्या वर नाही, खाली!

लुटीचा नियम याहून कडक. दसऱ्याला फौज मुलूखगिरीला निघताना प्रत्येकाकडच्या वस्तूंची यादी करायची. पावसाळ्याआधी परत आल्यावर झडती. यादीपेक्षा जास्त जे निघेल ते सरकारजमा. आपण ज्याला इन्व्हेंटरी चेक म्हणतो तो अगदी अक्षरशः.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? घोड्याचा हिशोब करून बघा. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याची आयुष्याची पुंजी गेली, उद्यापासून तो पायदळात. असा माणूस ऐन गर्दीत घोडा घालताना दोनदा विचार करणार. त्यात त्याचा भित्रेपणा नाही, साधा घरखर्चाचा प्रश्न आहे. बारगिराचा घोडा मेला तर पागेतून दुसरा मिळतो. तलवार दोघांची सारखीच, पण रणांगणावरची हिंमत वेगवेगळी पडते.

(जाता जाता: मोगलांकडे कॉपी-बगही होता. मनसबदार उसने घोडे आणून हजेरीत दाखवायचे. म्हणून १५७४ च्या सुमारास अकबराने घोड्यांना डाग द्यायला सुरुवात केली. आजच्या भाषेत युनिक आयडी. :))

ही व्यवस्था टिकली का? नाही. मार्च १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, त्याच वर्षी रायगड पडला, राजाराम जिंजीला गेले. खजिनाच हातात नाही तर पागा कशी पोसणार? औरंगजेब वतनांची आमिषं दाखवत होता, तेव्हा मराठ्यांनाही सरदारांना वतनं द्यावी लागली. तुमची फौज तुम्ही उभारा, मुलूख जिंका, त्यातून खर्च भागवा. यावर नाकं मुरडणारे इतिहासलेखक मला पटत नाहीत. त्यावेळी दुसरा इलाज नव्हता, आणि याच पद्धतीने औरंगजेबाला दख्खनमध्ये अडकवून ठेवलं. पण सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावरही गिल्डांनी लूट परत केली नाही. सरंजाम पिढीजात झाले.

पुढे महादजी शिंद्यांनी वेगळा मार्ग काढला. १७८४ मध्ये द बॉइन या सव्हॉयच्या माणसाला नोकरीत घेऊन कवायती पलटणी उभ्या केल्या, आग्र्याला तोफा ओतायला लागले. आयटम पॉवर म्हणाल तर मराठ्यांच्या इतिहासातली ही सर्वांत वरची पातळी. २३ सप्टेंबर १८०३ ला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला याच तोफांनी वेलस्लीची सुमारे १,६०० माणसं मारली किंवा जखमी केली. तरी लढाई हरली आणि ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. तोफा कमी पडल्या नव्हत्या. त्या चालवणाऱ्या व्यवस्थेच्या किल्ल्या दुसऱ्यांकडे होत्या. युद्ध सुरू होताच इंग्रजांनी जाहीरनामा काढला आणि शिंद्यांच्या नोकरीतले कित्येक ब्रिटिश अधिकारी निघून गेले. द बॉइनच्या जागी आलेला सेनापती पेराँ त्याच महिन्यात इंग्रजांच्या आश्रयाला गेला.

पेराँच्या घोडदळातले बरेच स्वार मग थेट कंपनीकडे गेले आणि शिंद्यांकडेच वाढलेल्या जेम्स स्किनरला त्यांनी आपला म्होरक्या निवडलं. ही 'स्किनर्स हॉर्स'. घोडा ज्याचा त्याचा, म्हणजे शिलेदारीच, इंग्रजांनी ती तशीच ठेवली आणि शब्दही ठेवला. पहिल्या महायुद्धात मात्र परदेशात मेलेल्या घोड्यांची भरपाई स्वारांना स्वखर्चाने जमेना, आणि युद्धानंतर ही पद्धत मोडीत निघाली. रेजिमेंट आजही भारतीय सैन्यात आहे. आता तिच्याकडे रणगाडे आहेत, अर्थातच सरकारी पागेतले.